किशोरवयीन मुले, उपचार आणि त्यांची स्वतःची गाणी

संगीतोपचाराचे काम करते असे सांगितले की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "मग त्याला कोणता राग ऐकवू?" विचारणारे पालक असतात. मूल चौदा ते अठरा वर्षांच्या दरम्यानचे असते, नैराश्याचे निदान नुकतेच झालेले असते किंवा दप्तरात गांजा, व्हाइटनर असे काहीतरी सापडलेले असते, आणि पालकांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या यादीत झोपेसाठी अमुक, चिंतेसाठी तमुक आणि संतापासाठी आणखी तिसराच राग लिहिलेला असतो. अशा याद्यांना वैद्यकीय आधार नाही. रागसंगीतावर माझे प्रेम आहे, रात्री मालकंस ऐकला की मलाही बरे वाटते. परंतु मला बरे वाटणे आणि झोप उडालेल्या, घरच्यांवर चिडलेल्या सोळा वर्षांच्या मुलावर उपचार होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या मुलाला बहुधा मालकंस नकोच असतो. त्याला त्याचे गाणे हवे असते, आणि उपचाराची सुरुवात तिथूनच करावी लागते असे माझे ठाम मत आहे.

संगीतोपचार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर. अमेरिकेत जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत गायक-वादक जाऊ लागले, त्याचा उपयोग होतो असे डॉक्टरांच्या लक्षात आले, पण नुसते चांगले वाजवता येणे या कामाला पुरत नाही हेही तितक्याच लवकर लक्षात आले. १९४४ साली मिशिगनमध्ये या विषयाचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० साली अमेरिकेत संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये ज्युलिएट अल्व्हिन या चेलोवादक बाईंनी १९५८ साली अशीच संस्था काढली. या सगळ्या परंपरेत संगीतोपचार तेव्हाच म्हणतात, जेव्हा प्रशिक्षित व्यक्ती, ठरवलेले उद्दिष्ट, नियमित भेटी आणि रुग्ण व उपचारक यांच्यातील नाते या गोष्टी एकत्र येतात. वॉर्डातल्या स्पीकरवर संध्याकाळी बासरी लावून ठेवणे ही चांगली सवय असेल, पण तो संगीतोपचार नव्हे.

१९४० च्या दशकात मिशिगनमधलेच एक मानसोपचारतज्ज्ञ, आयरा आल्टशुलर, यांनी मांडलेले एक सूत्र आजही आमच्या कामाच्या मुळाशी आहे. रुग्णाची मनःस्थिती जशी असेल तशाच प्रकृतीच्या संगीतापासून सुरुवात करावी आणि मग हळूहळू, पायरीपायरीने, ते संगीत आपल्याला हव्या त्या मनःस्थितीकडे न्यावे, असे ते सूत्र आहे. खिन्न माणसाला एकदम आनंदी गाणे ऐकवले तर तो आणखी एकटा पडतो, आणि धुसफुसणाऱ्या मुलाला संथ आलाप ऐकवला तर त्याला वाटते की हीही मला गप्प करायलाच आली आहे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण आपल्याला शांत करण्यासाठी काय चालले आहे हे त्यांना चटकन कळते आणि त्याचा त्यांना तितकाच चटकन रागही येतो.

त्यात भर पडते ती दाखल होण्याच्या प्रक्रियेची. मानसोपचार वॉर्डात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होताना मोबाइल जमा करून घेतात. त्यामागची कारणे योग्यच असतात. जुने मित्र, माल पुरवणारे, रात्रभर चालणारे चॅट या सगळ्यांपासून काही काळ अंतर हवेच असते. मात्र मोबाइलबरोबर त्या मुलाची सगळी गाणीही जमा होतात. आमच्या पिढीला याचे गांभीर्य चटकन जाणवत नाही. ज्या मुलाने गेली दोन वर्षे कानात इअरफोन घालूनच झोप काढली, त्याच्याकडून नशा आणि गाणी दोन्ही एकाच दिवशी काढून घेतलेली असतात, शिवाय टर्कीचे, म्हणजे नशा बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाचे, दिवस सुरू असतात, अंग दुखते, झोप येत नाही. अशा वेळी पहिल्या भेटीत मी फक्त विचारते, "कोणतं गाणं ऐकायचंय?" आणि जे सांगितले जाईल ते लावते. त्यात शिव्या असतील तरी लावते. एका मुलाने माझी परीक्षा घ्यायची म्हणून मुद्दाम अत्यंत अश्लील रॅप सांगितले आणि ते संपेपर्यंत माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. गाणे संपल्यावर मी त्याला विचारले की यातला ठेका आवडतो की शब्द. "ठेका," तो म्हणाला, "शब्द तर भंकस आहेत, ताई." तिथून आमचे बोलणे सुरू झाले.

(या लेखात जिथे जिथे मुलांचा उल्लेख येतो तिथे ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत.)

आता याची दुसरी बाजू. मुलांचे स्वतःचे संगीत म्हणजे आपोआप हितकारक संगीत, असे मुळीच नाही. मेलबर्न विद्यापीठातील कॅटरिना मॅकफेरन आणि फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठातील सुवी सारिकालिओ यांनी या प्रश्नावर बरेच काम केले आहे. क्रिस्टियन गोल्ड यांच्यासह त्यांनी २०१५ साली तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, जिच्यामधून एखादे किशोरवयीन मूल संगीताचा वापर आपल्या हितासाठी करते आहे की आपल्याच विरुद्ध, याचा अंदाज येतो. गाणे ऐकताना जुन्या कटू आठवणींत अडकून पडणे, ऐकून आणखी वाईट वाटते हे माहीत असूनही तेच गाणे पुन्हा पुन्हा लावणे, लोकांपासून तुटण्यासाठी हेडफोन घालणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. मॅकफेरन यांच्या मुलाखतींतून दिसलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: मुलांचा संगीतावर इतका विश्वास असतो की त्याने आपली अवस्था बिघडते आहे हे त्यांना सहसा स्वतःहून जाणवत नाही, कुणीतरी शांतपणे, आरोप न करता विचारले तर मात्र ती विचार करू लागतात. "हे गाणं लावण्याआधी कसं वाटत होतं आणि संपल्यावर कसं वाटतंय?" एवढा प्रश्न पुरतो. हेडफोन हिसकावून घेतल्याने यातले काहीच घडत नाही.

गाणी ऐकणे हा कामाचा एक भाग झाला. दुसरा भाग वाजवण्याचा. आमच्या खोलीत दोन डफ, एक जेंबे (हातांनी वाजवायचा आफ्रिकी ढोल), खंजिरी, टाळ, जुना कॅसिओ आणि एक घुंगरांची माळ आहे. वाजवता येत असण्याची अट नाही, आणि येत असेल तर काही वेळा ती अडचणच ठरते. व्हाइटनर हुंगण्याची सवय लागलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्या काही भेटींत टोपी डोळ्यांपर्यंत ओढून भिंतीला टेकून बसत असे. एके दिवशी त्याने जेंबे जवळ ओढला, पण त्याच्या कातड्याला हातही लावला नाही. नुसत्या अंगठ्याच्या नखाने लाकडी कडेवर टकटक करू लागला, तीही इतकी हळू की पंख्याच्या आवाजात ती जेमतेम ऐकू येत होती. मी डफाच्या कडेवर नखाने तेवढीच, तितक्याच हळू टकटक केली. तो थांबला, मीही थांबले. मग त्याने दोन ठोके दिले, मी दोन दिले. त्याने वेग वाढवला, मध्येच तोडला, मला चुकवण्यासाठी एक विचित्र पाच-सातचा तुकडा वाजवला आणि मी खरोखरच चुकले तेव्हा त्याने टोपी मागे सारली आणि हसला. पुढचा बराच वेळ आम्ही एकमेकांना चुकवत होतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ वाटेल. परंतु या मुलाने कित्येक महिन्यांत कुणाच्या डोळ्यांत पाहिले नव्हते, दुसऱ्याच्या पाळीची वाट पाहिली नव्हती आणि आपण केलेल्या कृतीला समोरचा माणूस प्रतिसाद देतो, ओरडत नाही, हा अनुभव घेतला नव्हता. समुपदेशकांनी याच गोष्टींवर त्याच्याशी बोलण्याचा प्रयत्न केला होता, पण शब्दांची वाट त्या दिवसांत बंद होती. अशा बिनठरवलेल्या वादनावर अल्व्हिनबाईंनी आपली पद्धत उभी केली ती याच कारणासाठी.

पुण्यात हे काम करताना ढोल-ताशा पथकांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कित्येक मुले पथकात असतात किंवा होती, आणि पालकही सांगतात की मॅडम, तो पथकात छान वाजवायचा. पथकाचे फायदे मला मान्य आहेत. शिस्त, सोबत, अंगातली रग जिरणे हे सगळे तिथे मिळते. (कानांचे काय होते हा वेगळा विषय, आणि त्यावर कुणी माझे ऐकत नाही.) पण पथकात सगळ्यांचा ठोका एक असावा लागतो, तिथे वेगळा ठोका ही चूक असते. उपचाराच्या खोलीत वेगळा ठोका हीच माहिती असते: कोण नेहमी सर्वांच्या पुढे पळतो, कोण दुसऱ्याचा आवाज वाढला की लगेच थांबतो, कोणाला शांतता सहन होत नाही. गटात वाजवताना मी मध्येच सर्वांना हात वर करून थांबायला सांगते. चार सेकंदांची ती शांतता नशेच्या सवयीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना फार जड जाते. ती पेलता येऊ लागली की तलफ आल्यावर थोडा वेळ थांबणे म्हणजे काय, हे शब्दांत समजावणे सोपे जाते.

गीतलेखन हा मुलींच्या गटात अधिक रमणारा प्रकार आहे, असे माझे निरीक्षण. रॅपमुळे मुलगेही आता मागे नाहीत. कोऱ्या कागदावर गाणे लिहा म्हटले तर कुणीही लिहीत नाही. म्हणून एखादा साधा ठेका लावायचा, दोन ओळींचा साचा द्यायचा आणि रिकाम्या जागा भरायला सांगायच्या. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे दाखल झालेल्या एका मुलीने लिहिले होते:

घरी सगळे विचारतात, जेवलीस का
कुणीच विचारत नाही, झोपलीस का

एवढेच. त्या दिवशी गटातल्या सगळ्यांनी ते म्हटले, आधी कुजबुजत, मग मोठ्याने, आणि तिने दुसऱ्या एका मुलीला सांगितले की "का" वर इतका जोर देऊ नकोस, ते विचारल्यासारखं नाही, दमल्यासारखं म्हण. आपल्या वेदनेचे दिग्दर्शन स्वतः करण्याचा तो प्रसंग होता, आणि डॉक्टरांना तिच्या झोपेविषयी नेमके विचारण्याचा धागाही त्यातूनच मिळाला. त्यानंतर आईवडिलांनी गाण्याचे रेकॉर्डिंग मागितले, जे स्वाभाविक आहे. आमचा नियम असा की गाणे ज्याचे त्याचे. ते कुणाला ऐकवायचे हे लिहिणाराच ठरवतो. मात्र जिवाला धोका आहे असे गाण्यातून जाणवले, तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावेच लागते, आणि हे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो.

व्यसनाच्या बाबतीत एक खास गुंता आहे. जी गाणी नशा करताना वाजत होती ती नशेशी जोडली जातात. ठरावीक गाण्याचे पहिले दहा सेकंद वाजले तरी काही मुलांच्या तोंडाला पाणी सुटते, हात थरथरतात. ही गाणी कायमची टाळा असे सांगणे व्यर्थ आहे, कारण ती रिक्षात, लग्नात, गणपतीच्या मांडवात वाजणारच आहेत. म्हणून पुरेसे दिवस गेल्यावर, डॉक्टरांशी बोलून आणि मुलाच्या संमतीने, ते गाणे आम्ही खोलीत लावतो. आधी तलफ शून्य ते दहामध्ये किती आहे ते तो सांगतो, थोडे ऐकल्यावर पुन्हा सांगतो, मग गाणे बंद करून श्वासावर लक्ष देतो, आणि आकडा खाली येईपर्यंत आम्ही दोघे काहीही न करता बसतो. तलफ चढते तशी उतरतेही, हे त्याला स्वतःच्या अंगावर समजते. घरी जाण्यापूर्वी तो आपल्या गाण्यांची वर्गवारी करतो: कोणती सध्या नकोत, कोणती झोपण्यापूर्वी चालतील, कोणती एकटे असताना लावायची नाहीत.

याला पुरावा काय, असे डॉक्टर विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. किशोरवयीन मुलांवरचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग माझ्या मते उत्तर आयर्लंडमधला आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी मानसिक आरोग्यसेवेत आलेली ८ ते १६ वयोगटातील २५१ मुले घेतली. काहींना नेहमीचे उपचार दिले, तर काहींना त्यासोबत आठवड्यातून एकदा असे १२ वेळा अल्व्हिनबाईंच्या पद्धतीचे संगीतोपचार. संवादकौशल्य सुधारेल ही मुख्य अपेक्षा सर्व मुलांच्या बाबतीत खरी ठरली नाही. १३ वर्षे व त्यावरील मुलांनी मात्र आपला संवाद सुधारल्याचे सांगितले, आणि एकंदर संगीतोपचार घेतलेल्यांचा आत्मसन्मान वाढलेला व नैराश्य कमी झालेले दिसले. हे सगळे तेराव्या आठवड्यात. सव्विसाव्या आठवड्यात पुन्हा पाहिले तेव्हा दोन गटांतला फरक उरला नव्हता. संगीतोपचाराच्या जाहिरातींत या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा गाळतात, याची मला चीड येते. दुसरा अर्धाच खरे तर कामाचा आहे, कारण तो सांगतो की भेटी थांबल्यानंतर काय, याची व्यवस्था आधीच करायला हवी.

व्यसनाधीनतेसाठी २०२२ चा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास, पाहावा. त्यात २१ चाचण्या आणि १,९८४ व्यक्ती आहेत. हा आढावा खास किशोरवयीनांचा नाही हे ध्यानात ठेवून वाचावा लागतो. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास तलफ मध्यम प्रमाणात कमी होते आणि उपचार घेण्याची इच्छा वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे. नैराश्य, चिंता किंवा केंद्रात टिकून राहणे यांवर स्पष्ट परिणाम दिसलेला नाही. एकाच भेटीपेक्षा अधिक भेटी झाल्या तेव्हा तलफ जास्त कमी झाली. "जोड" हा शब्द इथे कळीचा आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, आणि तिथे डॉक्टरच हवेत, डफ नव्हे.

आपल्याकडे गरज किती आहे याची कल्पना दोन आकड्यांवरून येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय व्यसन सर्वेक्षणानुसार, हुंगण्याच्या पदार्थांसाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहेत, आणि हा एकमेव प्रकार असा आहे की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. या मानाने प्रशिक्षित संगीतोपचारक अगदी थोडे आहेत. व्यसनमुक्तीच्या कामात कलेला जागा देण्याची कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि स्वतः बासरी वाजवणाऱ्या, ओरिगामी व लाकूडकाम करणाऱ्या अवचटांनी माणसाला रमायला दुसरे काही लागते हे आग्रहाने सांगितले. तो काटेकोर अर्थाने संगीतोपचार नव्हता, पण आमच्यासारख्यांना दार उघडून मिळाले ते अशा लोकांमुळे.

केंद्रात संगीतोपचार आहे असे कुणी सांगितले तर पालकांनी विचारावे की तो घेणाऱ्याचे प्रशिक्षण कोणते, तो डॉक्टरांच्या साप्ताहिक चर्चेला बसतो का, आणि मूल काय करते: नुसते ऐकते, की वाजवते, लिहिते, निवडते? अठरा वर्षांखालील रुग्णांना प्रौढांपासून वेगळे ठेवण्याची अट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे, तेव्हा संगीताचे गटही वेगळे असायला हवेत. देणगीदारांसमोर मुलांना गायला उभे करणाऱ्या संस्थांपासून शक्यतो दूर राहावे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात टाळ्या मिळाल्या म्हणजे मूल बरे झाले असे नाही, आणि ज्याला "पेशंट" म्हणून ओळख नको आहे त्याचे तर त्यात नुकसानच होते.

बेलफास्टच्या त्या सव्विसाव्या आठवड्याचा धसका घेऊन आम्ही आता घरी जातानाच्या कागदावर, औषधांच्या खाली, संगीताचीही एक ओळ लिहितो: तबल्याचा क्लास, मोहल्ल्यातले भजनी मंडळ, मित्राच्या घरचा माइक, जे शक्य असेल ते. क्लासच्या सरांना काय सांगायचे आणि काय नाही, हे मुलगाच ठरवतो. मध्येच फार खचल्यासारखे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच कागदावर असतो. शिवाय महिन्यातून एका शनिवारी घरी गेलेल्या मुलांचा गट भरतो. सोलापूर, जळगावकडच्या मुलांसाठी तो ऑनलाइन घेऊन पाहिला, पण आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि एकत्र वाजवताना ताल जुळत नाही, त्यामुळे त्यांच्यासोबत सध्या फक्त गाणी ऐकण्याचे आणि लिहिण्याचे काम चालते.